वल्द जानराव

शालिकराम वकिलांनी तो प्रश्न सहज टाकला होता, पान जुळवता जुळवता, चुना लावून काताकडे बोट नेण्याच्या मधल्या वेळात. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर वकिलीच्या परीक्षेला बसणारे चार तरुण, आणि बाहेर अमरावतीची सकाळ, कापसाच्या गाड्यांनी कुरकुरणारी. वारसाहक्काचं प्रकरण चाललं होतं. मुलगा, नातू, विधवा, मुलगी अशी सगळी उतरंड चौघांनी म्हणून दाखवली होती. वकिलांचे वाडवडील निजामाच्या अमलात उत्तर हिंदुस्थानातून इकडे आलेले. त्यांच्या बोलण्यात दोन मुलखांचं पाणी एकाच रांजणात होतं. ते म्हणाले, "अब ये बताओ. एक बाई आहे. नवरा मेला. तिनं पाट-मोहतूर लावला, पहिल्याचं पोट्टं कडेवर घेऊन दुसऱ्याच्या घरी गेली. दुसऱ्यानं त्याले खाऊ घातलं, मोठं केलं. मग तोही मेला. पोट्ट्याले काय?" एरवी असल्या प्रश्नाला चंद्रभानचं उत्तर वकिलांच्या तोंडातून वाक्य पुरं होण्याआधी तयार असे. आज त्याच्या शेजारी बसलेला रामराव बोलला. "काही नाही. ते पहिल्याचं पोर. दुसऱ्याच्या इस्टेटीशी त्याचा संबंध नाही." वकिलांनी विडा तोंडात टाकला, गालाच्या एका बाजूला सारला, आणि म्हणाले, "ठीक. आगे."

बस, एवढंच. पुढचं प्रकरण सुरू झालं, पानं उलटली, कोणीतरी खोकलं. चंद्रभान मात्र त्या 'आगे'च्या अलीकडेच राहिला. उत्तर त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते त्यानं दोनदा वाचलं होतं, तोंडपाठ होतं, पण वाचताना ते कुठल्या तरी बाईचं आणि कुठल्या तरी पोराचं होतं. विहिरीत डोकावताना आपण पाणी बघतो आणि एकदम आपलंच तोंड दिसतं, तसं झालं. ती बाई म्हणजे त्याची आई जमुना. दुसरा तो हिवरखेडचा खुशालराव, ज्याला तो जन्मभर बाबा म्हणत आला. आणि कडेवरचं पोट्टं इथं सतरंजीवर मांडी घालून बसलं होतं, अंगात खुशालरावानं घेऊन दिलेली बंडी, डोक्याला त्यानंच बांधायला शिकवलेलं पागोटं. बाबा जिवंत होता, धडधाकट होता. तरी वकिलांनी 'तोही मेला' म्हटलं तेव्हा चंद्रभानचा हात त्या पागोट्याकडे गेला होता. वर्ग सुटला तेव्हा रामरावानं त्याला विचारलं, आज गप्प का. चंद्रभान म्हणाला, डोकं दुखते.

अंबादेवीच्या वाटेनं तो चालत सुटला. साऱ्या गावभर कापूस उडत होता. तिकडे दूर विलायतेपलीकडे कुठं लढाई जुंपली होती, आणि तिच्यामुळे वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. पेठेत गाड्यांच्या रांगा परकोटाच्या दरवाजाबाहेरपर्यंत गेलेल्या, दाबाच्या यंत्राशी गठ्ठे बांधणाऱ्या हमालांच्या भुवया म्हाताऱ्यांसारख्या पांढऱ्या झालेल्या. एका गाडीच्या चाकाला मालकानं चांदीची पट्टी मारली होती. ती पाहायला लोक जमले होते. चंद्रभानच्या ओठांना तंतू चिकटला, तो त्यानं काढला, पुन्हा दुसरा चिकटला. हिवरखेडातही त्या सालात घरोघर असलं काहीबाही झालं. कोणी सोन्याचे गोठ, कोणी घोडी, कोणी पोराच्या लग्नात गावजेवणं. खुशालरावानं काय केलं, तर थोरल्या पोराला अमरावतीला ठेवलं. भाऊबंद हसले. शेतकऱ्याचं पोर वकील होऊन काय ढेकळांशी भांडणार, असं म्हणाले. खुशालराव एकदा साक्षीदार म्हणून कचेरीत उभा राहिला होता, शिवेच्या तंट्यात. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी साहेबासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मग एका वकिलानं दोन साधे प्रश्न विचारले आणि त्याच्या पोटातलं सगळं आपोआप बाहेर आलं. ती गोष्ट तो पुष्कळदा सांगे आणि शेवटी म्हणे, आपल्या घरात एक बोलणारा पाह्यजे. आपल्या घरात. चंद्रभानला आज त्या दोन शब्दांवर बोट ठेवून कोणी विचारलं असतं, की घर कोणाचं, तर त्याला कलमासकट सांगता आलं असतं.

पुढचे कितीतरी दिवस तो असाच वावरला. पुस्तक उघडं, नजर त्यावर, मन हिवरखेडात. तिथली एकेक गोष्ट त्याच्यापुढं येऊन उभी राही, आणि तो तिला परक्यासारखा पाही. दूध. वावरातली पहिली काकडी. ताप आला तेव्हा अकोटच्या वैद्याकडे खांद्यावर बसून गेलेला रस्ता. हे सगळं आपलं म्हणून आपण घेतलं, मागूनही घेतलं, रुसूनही घेतलं. आणि धाकटा नत्थुजी, बाबाचा पोटचा, एकाच आईच्या कुशीतला आपला भाऊ, तो तिकडे वखर धरतो, त्याच्या हाताला घट्टे आहेत, आणि आपल्या हाताला फक्त शाई. मागच्या हिवाळ्यात निघताना नत्थुजीनं आपली नवी घोंगडी गाडीत टाकली होती आणि विचारल्यावर म्हणाला होता, मले कुठं हिव वाजते. ती घोंगडी चंद्रभानच्या अंगावर होती. ती आता त्याला टोचू लागली. दुर्गाबाई माळीण, जिच्या घरी तो राहायचा, देवीच्या दारात फुलं विकून दुपारी परतली की त्याच्या ताटात भाकरीवर भाजी वाढी आणि तो जेवेस्तोवर हार ओवत बसे. तिच्या ध्यानात आलं की पोरगा अर्ध्यावर उठतो. दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं, हिवरखेडच्या माणसाला आवडतं तसं, तिखटजाळ, आणि म्हणाली, "खाय. परीक्षा उपाशी पोटानं होत नाही." त्यानं खाल्लं. खाताना त्याच्या मनात आलं, हिचा माझ्याशी काय संबंध? राहण्याचं जे ठरलं त्यात भरीत नव्हतं.

अखेर एका सकाळी, बाकीचे गेल्यावर, त्यानं वकिलांना विचारलं. आपलं म्हणून नाही, असंच, शंका म्हणून. त्या पोट्ट्याले हक्क नाही, ठीक. पण दुसऱ्या बापानं जिवंतपणी आपल्या हातानं दिलं तर? वकिलांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना काही कळलं की नाही, हे चंद्रभानला पुढं कधीच उमगलं नाही. ते म्हणाले, "दिलं तर दिलं. कमाई त्याची स्वतःची असली तर कोण अडवते? लेकिन ते हक्कानं नाही, मर्जीनं. पोटच्या पोराले बापानं उपाशी ठेवलं तर कायदा बापाचा कान धरते. या पोट्ट्यासाठी कोणी कान धरणारा नाही. देल्लं तर मर्जी, नाही देल्लं तर फिर्याद नाही." आणि मग, जरा थांबून, "अच्छा सवाल है," म्हणून ते आत गेले.

कोणी कान धरणारा नाही. हे शब्द घेऊन चंद्रभान परकोटाच्या भिंतीच्या सावलीत बसला. पहिल्यांदा ते तसेच टोचले. मग हळूहळू, भिंतीचा दगड पाठीला गार लागावा तसा, त्यांचा दुसराच अर्थ त्याच्या अंगात उतरू लागला. त्याला ती सकाळ आठवली, जिच्या आधीचं त्याला फारसं काही आठवत नाही. तो परक्या घरात जागा झाला होता. वर्धेकाठचं, कौंडण्यपूरजवळचं गाव मागं राहिलं होतं. बाप जानराव त्याच्याही मागं, एक खोकल्याचा आवाज आणि तंबाखूचा वास एवढाच उरलेला. आई कुठं तरी आत होती. दारात एक उंच माणूस उभा होता. तो जवळ आला नाही. उंबऱ्यावर बसला, हातातल्या कणसाचा हुरडा तळहातावर चोळला, फुंकर मारली, आणि तळहात मधल्या जागेत धरून तसाच बसून राहिला, दुसरीकडे बघत, पाखराला दाणे घालणारा बसतो तसा. पोरगं सरकत सरकत आलं आणि त्यानं दाणे खाल्ले. मला बाबा म्हण, असं तो माणूस त्या दिवशीही बोलला नाही आणि नंतरही कधी नाही. उलट दर भाद्रपदात पितरांच्या पाखात तो चंद्रभानला अंघोळ करायला लावी आणि छपरावर घास टाकायला सांगे, "तुह्या बापाच्या नावानं." आपल्या घरच्या पितरांआधी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघे आणि पदर तोंडाला लावी.

आणि आई पटकीनं गेली ते साल. त्या मरणानं घरातला मधला धागाच तुटला होता. तेरा दिवस सरल्यावर जानरावाचा थोरला भाऊ वर्धेकाठून आला, सोबत आणखी दोघं. बैठकीत बसून त्यांनी सरळ सांगितलं, की आता बाई राहिली नाही, पोर आमचं आहे, आम्ही नेतो. त्यात चूक काही नव्हतं; आज चंद्रभानला ठाऊक होतं की कायदाही त्यांच्याच बाजूला बसला असता. खुशालराव जमिनीकडे पाहत म्हणाला, "त्याले इचारा." चंद्रभान दाराआड उभा होता. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्या त्यानं पाहिल्या, तो आत गेला, तांब्या भरला, आणि बाहेर येऊन त्यानं पाहुण्यांपुढं पाणी धरलं. घरचं पोर पाहुण्याला धरतं तसं. चुलता तांब्याकडे बघत राहिला, मग पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि उठला. खुशालरावानं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, वेशीपर्यंत पोचवायला गेला. परतल्यावर तो गोठ्यात गेला आणि बैलाची पाठ खूप वेळ घासत राहिला.

भिंतीच्या सावलीत बसून चंद्रभाननं हे सगळं पुन्हा पाहिलं आणि त्याला वाटलं, आपण किती दिवस उलटं वाचत होतो. नत्थुजीला मिळालं ते मिळणारच होतं. बापानं नसतं दिलं तर कोणीतरी द्यायला लावलं असतं. आपल्याला मिळालं त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. तो हुरडा नाही, तो वैद्य नाही, ही अमरावती नाही. एकेक घास कोणीही न सांगता, कोणीही न विचारता, त्या माणसानं आपल्या हातानं आपल्यापुढं धरला. लाज अजून होती, पण तिच्याखालून काहीतरी वर येत होतं, काळ्या मातीतून ओल वर येते तसं, आणि ते इतकं होतं की त्याला बसवेना. तो उठला, घरी गेला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला वाचलेलं कळलं.

परीक्षा अकोल्याला होती, माघात. शालिकराम वकिलांनी चौघांना एका दमणीत बसवून धाडलं. वाटेत बदनेऱ्यापासून पुढं रेल्वेसाठी मातीचे बांध घातलेले दिसत; अजून त्यावर काही धावत नव्हतं, नुसती बकरी चढली होती. खुशालराव आणि नत्थुजी हिवरखेडहून कापसाची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात आलेच होते. माल उतरवून, परीक्षेच्या दिवशी दोघंही कचेरीच्या आवारात लिंबाखाली येऊन बसले. खुशालरावानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. तो चंद्रभानला म्हणाला, भिऊ नको, आणि स्वतः मात्र हातातली काडी बारीक बारीक मोडत राहिला.

आत शिरस्तेदार उमेदवारांची नावं पुकारण्यासाठी लिहून घेत होता. चंद्रभानची पाळी आली. शिरस्तेदारानं वर न बघता विचारलं, "नाव? वल्द?" म्हणजे, मुलगा कोणाचा. जन्मभर या प्रश्नाला एकच उत्तर होतं. शाळेत, बाजारात, जत्रेत, तो चंद्रभान खुशालराव होता. ते नाव जिभेच्या टोकावर आलं. आणि तिथं ते थांबलं. भीतीनं नाही, हे त्याला नक्की ठाऊक होतं. ज्या कायद्याची सनद मागायला तो आला होता, त्याच्या दारातच खोटं बोलून आत शिरावं, हे त्याला नको होतं, हा एक भाग. पण दुसरा भाग त्याहून मोठा होता, आणि तो सांगता येण्यासारखा नव्हता. वल्द खुशालराव म्हटलं की सगळं साधं होऊन जात होतं. बापानं मुलाला वाढवलं, त्यात काय? त्या माणसानं जे केलं ते त्या दोन शब्दांखाली झाकून जात होतं. शिरस्तेदारानं टाक दौतीत बुडवला आणि मान वर केली. चंद्रभान म्हणाला, "वल्द जानराव."

बाहेर व्हरांड्यात येऊन तो उभा राहिला तेव्हा त्याला कळलं, की आपण काय केलं. चपरासी कठड्याशी आला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडला, "चंद्रभान वल्द जानराव, हाजिर!" लिंबाखाली नत्थुजी ताडकन उभा राहिला. खुशालराव बसूनच होता. त्याच्या हातातली काडी मोडायची थांबली होती. एवढ्या अंतरावरून त्याचा चेहरा दिसला, पण वाचता आला नाही, आणि चंद्रभानला आत जावं लागलं.

आत साहेब होता, दोन देशी अंमलदार होते. त्यांनी साक्षीपुराव्याबद्दल विचारलं, मुदतीबद्दल विचारलं. साक्षीदार घाबरून बोलत नसेल तर वकिलानं काय करावं, असं एका अंमलदारानं विचारलं, तेव्हा चंद्रभान पुस्तकातलं सोडून म्हणाला, की त्याला साधं विचारावं आणि थांबावं. साहेबानं दुभाष्याकडून ते समजून घेतलं आणि मान हलवली. शेवटी तिघं आपसांत बोलले आणि अंमलदारानं सांगितलं, की सनद मिळेल. चंद्रभाननं मुजरा केला. आनंद झाला असणार. पण तो त्याला एखाद्या शेजारघरच्या आनंदासारखा ऐकू आला. त्याचं सगळं लक्ष लिंबाकडे होतं.

तो बाहेर आला तसा नत्थुजी समोर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "काहून दादा," तो म्हणाला, "आमच्या बाचं नाव सांगाची लाज वाटली तुले?" चंद्रभान त्याच्या बाजूनं पुढं गेला. तो खुशालरावापुढं मातीत बसला. म्हणाला, सनद भेटली. खुशालरावानं मान हलवली. मग चंद्रभान म्हणाला, "बाबा, कायद्यानं मी तुमचा कोणीच नाही. हे मले अमरावतीले कयलं. तुमी मले दारात उभं केलं नसतं तरी कोणी तुमाले इचारलं नसतं. मंग तुमी जे केलं…" जे केलं ते तुमचं नाव घेऊन मला फुकट करायचं नव्हतं, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं.

खुशालरावानं हातातली काडी टाकून दिली. नत्थुजी पाठ फिरवून उभा होता. मग म्हातारा सावकाश म्हणाला, "मले वाटलं होतं तू माहं नाव सांगशीन. खोटं काहून बोलू? ऐकलं तवा लागलं." त्यानं घसा साफ केला. "मंग मले वाटलं, त्या माणसानं तुले सोडून जातानी काय इचार केला असन. पोराचं काय होईन, हाच ना. एवढ्या मोठ्या कचेरीत आज त्याचं नाव पुकारलं. बरं झालं. त्यालेही कयलं असन." तो उठला, धोतर झटकलं. "माहं नाव घेऊन तू काय करतं? मी तर जित्ता हाओ. मले हाक मार, मी येतो." आणि तो गाडीकडे चालू लागला.

गाडी रिकामी होती, तळाशी थोडा कापूस चिकटलेला. मोर्णा नदी उतारानं ओलांडून ती अकोटच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन कललं होतं. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या पऱ्हाट्या, काळ्या मातीवर काळ्या. नत्थुजी धुरेवर बसून हाकत होता आणि मागं बघत नव्हता. चंद्रभान त्याच्याकडे बघत होता, त्याच्या मानेवरच्या उन्हाच्या रेघेकडे, आणि याची समजूत घालायला आपल्याला पुष्कळ दिवस लागतील, आणि ते दिवस आपल्यापाशी आहेत, याचंच त्याला बरं वाटत होतं. खुशालराव दोन रात्री बाजारात झोपला नव्हता. आधी तो बसल्या बसल्या पेंगला, मग कलंडला, आणि त्याचं डोकं चंद्रभानच्या मांडीवर आलं. तोंड थोडं उघडं, भुवयांत पेठेतला कापूस. झोपेत तो फार साधा माणूस दिसत होता, कोणाचंही काही न केलेला. चाक दगडावरून गेलं, गाडी आदळली, तसं चंद्रभाननं दोन्ही तळहात त्या डोक्याखाली धरले, कडेच्या लाकडाला लागू नये म्हणून. हात आखडले तरी त्यानं ते काढले नाहीत. पुढं रस्ता आणखी फुटका होता. नत्थुजीनं एकदा मान वळवली, मागं पाहिलं, आणि कासरा आवळून बैलांची चाल कमी केली.